गाडीची गोष्ट : आधी कन्व्हर्टर की आधी कूलर?



या महिन्यात दोन पत्रं घेतली आहेत. इंदूरच्या एका भाच्याचा प्रश्न मोठा आहे, त्यामुळे जवळपास सगळी जागा त्यालाच जाईल. हैदराबादच्या ताईला शेवटी थोडक्यात उत्तर देतो.

इंदूरच्या भाच्यानं लिहिलंय ते असं. बाबांनी आणि त्यानं मिळून एक सेकंडहँड डिझेल एसयूव्ही घेतली, सहा गिअरची ऑटोमॅटिक. बाबांचा डावा गुडघा क्लच दाबू देत नाही, म्हणून ऑटोमॅटिकच हवी होती. मागच्या मालकानं हौसेनं मोठे टायर टाकलेले. दिवाळीत सेंधव्याच्या पुढं बिजासन घाटात सात माणसं आणि टपावर सामान घेऊन चढताना गिअरबॉक्सच्या तापमानाचा दिवा लागला. अर्धा तास सगळे रस्त्याच्या कडेला. एरवीही सिग्नलवरून गाडी सुस्त निघते. त्यांच्या गावातल्या एका गॅरेजवाल्यानं सांगितलं, "हाय स्टॉल कन्व्हर्टर टाका, बाहेरून मागवून देतो, गाडी उडेल." पोरानं अमेरिकेतले व्हिडिओ पाहिले, त्यात खरंच गाड्या उडत होत्या. आता पहिल्या नोकरीतून साठवलेले पैसे तो यात घालणार आहे. डिसेंबरात आजीला मंगेशीला कुलदैवताच्या दर्शनाला न्यायचं आहे, आजी ८२ वर्षांच्या. इंदूर ते गोवा हजार किलोमीटरच्या वर अंतर, आणि शेवटी आमच्या बेळगावावरून चोर्ला घाट. "काका, कुठला कन्व्हर्टर घेऊ?"

बाळा, आत्ता कुठलाच घेऊ नकोस. का ते नीट समजून घे, म्हणजे पुढं कुणी काहीही विकायला आलं तरी तुझं तू ठरवशील.

टॉर्क कन्व्हर्टर म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधला, डोनटसारखा दिसणारा, तेलानं भरलेला बंद डबा. दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवून एकच चालू केला तर वाऱ्यानं दुसराही फिरू लागतो. इथं वाऱ्याच्या जागी तेल आहे. इंजिनाबरोबर फिरतो तो इम्पेलर, गिअरबॉक्सच्या दांड्याला जोडलेला तो टर्बाइन. इतकंच असतं तर त्याला नुसतं फ्लुइड कपलिंग म्हटलं असतं. त्यात जेवढा जोर घालाल तेवढाच पलीकडे मिळतो, वाढत नाही. कन्व्हर्टरमध्ये या दोघांच्या मध्ये तिसरा एक चक्राकार भाग असतो, स्टेटर. टर्बाइनवर आपटून परत येणारं तेल उलट्या दिशेनं वळलेलं असतं. झोपाळा वर येत असताना कुणी समोरून ढकललं तर काय होईल, तसंच ते इम्पेलरला अडवेल. स्टेटरची पाती त्या तेलाचं तोंड फिरवतात आणि तेच तेल मागून ढकलायला लागतं. त्यामुळे गाडी जागची हलताना इंजिनाचा जोर साधारण दुपटीच्या आसपास वाढून पोचतो. कन्व्हर्टरची खरी कमाई ती हीच. गाडीनं वेग घेतला की स्टेटर एका बाजूला मोकळा फिरू लागतो आणि जोर वाढवणं थांबतं.

ही कल्पना मोटारवाल्यांची नाही, जहाजवाल्यांची. हेर्मान फ्योटिंगर नावाच्या जर्मन इंजिनिअरनं १९०५ मध्ये तिचं पेटंट घेतलं. तो स्टेटिनच्या व्हल्कन जहाज कारखान्यात होता. वाफेची टर्बाइन फार वेगानं फिरे, जहाजाचा पंखा मात्र सावकाश फिरायला हवा, आणि एवढे मोठे दातेरी गिअर बनवणं त्या काळी अवघड होतं. मोटारीत १९४० च्या ओल्ड्समोबिलला हायड्रा-मॅटिक गिअरबॉक्स आला, पण त्यात साधं फ्लुइड कपलिंग होतं. टॉर्क कन्व्हर्टर घेऊन आला तो १९४८ चा ब्युइकचा डायनाफ्लो. चालवायला तो अगदी लोण्यासारखा होता, पण त्यात निम्मी ताकद तेल घुसळण्यातच जाते अशी लोकांची तक्रार असे.

तेल घुसळतं म्हणजे तापतं. तुझ्या प्रश्नाचं मूळ इथंच आहे.

इम्पेलर आणि टर्बाइन यांच्या वेगात जेवढा फरक, तेवढी ताकद उष्णता होऊन तेलात जाते. एक हिशोब करून दाखवतो. समजा तू चढावर ब्रेक न दाबता नुसत्या अॅक्सिलरेटरवर गाडी एका जागी तोलून धरलीस. इंजिन १२०० फेऱ्यांवर आहे आणि १०० न्यूटन-मीटर जोर देतंय. ही साडेबारा किलोवॅट ताकद झाली. चाकं हलत नाहीत, म्हणजे ती सगळीच्या सगळी तेलात चालली. घरातला गिझर दोन किलोवॅटचा असतो. म्हणजे आठ-नऊ लिटर तेलात सहा गिझर एकदम चालू केल्यासारखं. पूर्ण रेस देऊन ब्रेक दाबून धरलास तर हा आकडा साठ किलोवॅटच्याही वर जातो. कंपन्यांच्या पुस्तकात स्टॉल टेस्ट पाच सेकंदांच्या वर करू नका असं लिहिलेलं असतं ते यासाठी. घरी तर ती करूच नये.

यावर उपाय म्हणून कन्व्हर्टरच्या आत लॉक-अप क्लच आला. गाडी एका वेगाला धावू लागली की तो इम्पेलर आणि टर्बाइन एकमेकांना घट्ट बांधून टाकतो. मग घसरण नाही, उष्णता नाही, अॅव्हरेजही सुधारतं. पॅकार्ड कंपनीनं तो १९४९ मध्येच दिला होता, पण १९७० च्या दशकात पेट्रोल महागल्यावरच बाकीच्यांना त्याची आठवण झाली. आजच्या सहा गिअरच्या गाड्यांमध्ये तो खालच्या गिअरमध्येही लागतो.

आता स्टॉल स्पीड. चाकं जागच्या जागी धरून पूर्ण रेस दिली तर इंजिन जास्तीत जास्त जितक्या फेऱ्यांपर्यंत चढू शकतं, ती त्या कन्व्हर्टरची स्टॉल स्पीड. आपल्या घरगुती गाड्यांत ती साधारण १८०० ते २५०० च्या दरम्यान असते. हाय स्टॉल म्हणजे तीन हजार आणि त्याच्याही वर. अमेरिकेत ४०२ मीटरच्या सरळ शर्यतीला उतरणाऱ्या गाड्यांना ती लागते, कारण त्यांच्या मोठ्या पेट्रोल इंजिनांत असा कॅमशाफ्ट बसवलेला असतो की खालच्या फेऱ्यांत इंजिनात जीवच नसतो. दिवा हिरवा होताच इंजिनानं थेट तीन-साडेतीन हजारांवर उडी मारावी, म्हणून तिथं सैल कन्व्हर्टर हवा. ट्रेलरवरून मैदानात न्यायची, दहा-बारा सेकंद पळवायची आणि परत ट्रेलरवर चढवायची अशी ती गाडी असते. तिचे मालक मूर्ख नाहीत, त्यांचं काम वेगळं आहे.

तुझं टर्बो डिझेल याच्या अगदी उलट. त्याचा भरपूर जोर साधारण १६०० ते २८०० च्या पट्ट्यात. तिथं तीन हजारांचा सैल कन्व्हर्टर बसवलास तर इंजिन आपल्या सगळ्यात चांगल्या पट्ट्यात असताना कन्व्हर्टर घसरत बसेल, आणि तो धरायला लागेपर्यंत इंजिनाची ताकद उतरायला लागलेली असेल. गाडी ओरडेल जास्त, ओढेल कमी. तेल आज तापतंय त्याहून जास्त तापेल. बिजासनच्या अर्ध्यात लागलेला दिवा पायथ्याशीच लागेल.

आणखी एक गोष्ट दुकानदार सांगत नाहीत. डब्यावर ३००० लिहिलंय म्हणून प्रत्येक इंजिनामागे ३००० च मिळतील असं नाही. स्टॉल स्पीड इंजिनाच्या जोराच्या वर्गमुळाप्रमाणे वाढते. जोर चौपट झाला तर स्टॉल दुप्पट. तू उद्या इंजिन रिमॅप करून टॉर्क २० टक्क्यांनी वाढवलास तर आहे त्याच कन्व्हर्टरची स्टॉल २२०० वरून आपोआप २४०० च्या आसपास जाईल. त्यामुळे कन्व्हर्टर विकणाऱ्यानं गाडीचं वजन, टायरचा व्यास, डिफरेन्शियलचं गुणोत्तर आणि इंजिनाचा टॉर्क कितव्या फेरीला येतो, हे चार प्रश्न विचारायलाच हवेत. न विचारता 'उडेल' म्हणणाऱ्याकडून साधं वायपरही घेऊ नये, असं माझं मत.

टायरचं म्हणतोस तर तिथंच बोट ठेवतो. मूळ टायर २३५/६५ आर १७ आणि आता २६५/७० आर १७ आहेत असं तू लिहिलंयस. पहिल्याचा व्यास ७३७ मिलिमीटर, दुसऱ्याचा ८०३. जवळजवळ ९ टक्के मोठा. म्हणजे तुझा प्रत्येक गिअर ९ टक्क्यांनी लांब झाला. सायकलवर मागचा छोटा दात टाकून चढ चढायला घेतल्यासारखं. वर एकेक टायर जड, ते फिरवायलाच जास्त जोर लागतो. घाटात वेग कमी, गिअर लांब, त्यामुळे लॉक-अप लागायला हवा त्या वेगापर्यंत गाडी पोचतच नाही आणि कन्व्हर्टर घसरत राहतो. सिग्नलवरची सुस्ती आणि घाटातला दिवा, दोन्हीचं बरंचसं उत्तर या चार टायरांत आहे. शिवाय काटा शंभर दाखवतो तेव्हा तू १०९ नं जात असतोस, तेही आजी मागं बसलेल्या असताना. टायर मूळ मापाचे कर. मोठे विकून टाक, त्यांना गिऱ्हाईक मिळतं.

त्यानंतर तेल. मी उद्यमबागेत हायड्रॉलिकच्या कामात आयुष्य काढलं आणि गेली काही वर्षं ऑटोमॅटिक गिअरबॉक्स उघडतो. माझ्या टेबलावर येणाऱ्या दहातल्या सात-आठ गिअरबॉक्सचं दुखणं तेलापासून सुरू झालेलं असतं. 'लाइफटाइम ऑइल आहे, बदलायचं नसतं' हे वाक्य तुलाही कुणी ऐकवेल. कुणाचं लाइफटाइम हे मात्र कुणी सांगत नाही. झेडएफ ही जगातल्या मोठ्या गिअरबॉक्स कंपन्यांपैकी एक, तीच आपल्या ऑटोमॅटिकचं तेल ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा आठ वर्षं झाली की बदला म्हणते. तुझी गाडी सेकंडहँड, तेल कधी बदललंय याची नोंद नाही. मग बदललेलं नाही असंच धर.

बदलताना मेख अशी की चेंबरचा नट काढला की एकूण नऊ लिटरपैकी चारेकच बाहेर येतं. बाकीचं कन्व्हर्टरमध्ये आणि व्हॉल्व्ह बॉडीत बसून राहतं. म्हणून चार लिटर काढ, चार घाल, थोडे दिवस चालव, परत काढ. असं तीनदा केलं की ८० टक्क्यांहून जास्त तेल नवं होतं. बारा लिटर तेल लागतं, पण मशिन लावून दाबानं सगळं एकदम धुऊन काढण्यापेक्षा जुन्या गिअरबॉक्सला मला हेच बरं वाटतं. तेल मात्र पुस्तकात लिहिलेल्या प्रतीचंच. 'सगळ्या गाड्यांना चालतं' असं लिहिलेला डबा नको, आणि सीव्हीटीचं तेल तर चुकूनही नको. पातळी तपासायची ती सपाट जागेवर, इंजिन चालू ठेवून, तेल पुस्तकात दिलेल्या तापमानाला आलं की.

पहिल्यांदा चेंबर उघडेल तेव्हा तू स्वतः तिथं उभा राहा. आतल्या चुंबकावर करड्या रंगाचा मऊ लेप दिसला तर घाबरू नकोस, ती नेहमीची झीज. धातूचे कण किंवा तुकडे बोटांना लागले तर मात्र गिअरबॉक्स उतरवावा लागेल, आणि मग मंगेशीला भाड्याच्या गाडीनं जा. तेल काळपट आणि जळका वास, तर आतले क्लच तापून गेलेत. आणि तेल गुलाबी लस्सीसारखं दिसलं तर रेडिएटरच्या आतला कूलर फुटून पाणी तेलात मिसळलंय. अशी गाडी तिथून एक किलोमीटरही चालवायची नाही.

तुझ्या पत्रात आणखी एक ओळ आहे, ती तू सहज लिहिलीयस पण मला महत्त्वाची वाटली. साठच्या आसपास हलक्या पायानं चालवताना गाडी खडखडीत पट्ट्यांवरून गेल्यासारखी थरथरते. हा बहुधा लॉक-अप क्लचचा थरकाप. मेकॅनिकला मोकळ्या रस्त्यावर, थरथर चालू असताना ब्रेक पेडलला जेमतेम स्पर्श करून बघू दे. ब्रेकचा दिवा लागला की लॉक-अप सुटतो. तेवढ्यानं थरथर थांबली तर दोष तिथंच. पुष्कळदा नव्या तेलानं ही तक्रार जाते. नाही गेली, तर मात्र कन्व्हर्टर बदलायचा. पण तोही कंपनीच्याच स्टॉलचा, नवा किंवा नीट कापून, आतला क्लच बदलून, बॅलन्स करून परत वेल्ड केलेला. आणि बसवताना त्यात आधी लिटरभर तेल ओतलं का, आणि तो पंपात पूर्ण आत बसला का, हे बघ. फिरवत आत ढकलताना तो दोन-तीन वेळा टकटक करत एकेक पायरी आत जातो. अर्धवट बसलेला असताना गिअरबॉक्सचे बोल्ट आवळले की पंप तिथंच फुटतो. अशी दोन कामं गेल्या वर्षी माझ्याकडे आली, दोन्ही कन्व्हर्टर कोरे करकरीत होते.

कूलर ही मात्र मी तुला आनंदानं घ्यायला सांगेन अशी वस्तू. सात माणसं, टपावर सामान आणि घाट, म्हणजे कंपनीच्या कूलरची परीक्षाच. थप्पीच्या प्लेटांचा वेगळा ऑइल कूलर रेडिएटरच्या पुढं बसव. गरम तेल आधी मूळ कूलरमधून, मग नव्यातून आणि मग गिअरबॉक्सकडे, असा क्रम. इंदूरच्या जानेवारीतल्या सकाळी तेल फार गार राहू नये म्हणून थर्मोस्टॅट असलेला घे. नळी गिअरबॉक्सच्या तेलासाठी बनवलेलीच, पाण्याची किंवा डिझेलची नाही. नळी सुटली तर घाटात मिनिटभरात सगळं तेल रस्त्यावर येईल, म्हणून हे काम स्वस्तात उरकू नकोस. बरोबर एक छोटा ओबीडी रीडर घे. बऱ्याच गाड्यांत गिअरबॉक्सच्या तेलाचं तापमान मोबाइलवर दिसतं. ८० ते १०० पर्यंत निवांत, ११० दिसले की सामान, एसी, वेग यांचा विचार, १२० ला जागा बघून थांब. दर दहा अंशांनी तेलाचं आयुष्य निम्म्यावर येतं, असा या धंद्यातला जुना ठोकताळा आहे.

थांबल्यावर लोक पहिल्यांदा चावी फिरवून इंजिन बंद करतात, तू बिजासनला तेच केलंस. गिअरबॉक्सचा पंप इंजिनावर फिरतो. इंजिन बंद म्हणजे तेल कूलरपर्यंत जाणंच बंद. पाण्याचा काटा जागेवर असेल तर पी मध्ये टाक, हँडब्रेक ओढ आणि इंजिन तसंच चालू ठेव. पाण्याचा काटाही लाल पट्ट्यात गेला असेल तर मात्र ती वेगळी तक्रार, तिथं इंजिन बंद करणंच योग्य.

व्हॉल्व्ह बॉडीचे शिफ्ट किट, जास्त क्लच प्लेटा, बाहेरून आणलेला मजबूत कन्व्हर्टर, या सगळ्या गोष्टी खोट्या नाहीत. जो माणूस इंजिनाची ताकद खरंच दीडपट करून जड ट्रेलर ओढतो, त्याला त्या लागतात. तुझ्या गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर मात्र कंपनीच्या कन्व्हर्टरची घसरण किती असावी हे गृहीत धरून चालतो. सैल कन्व्हर्टर बसवला की त्याला वाटतं आतला क्लच घसरतोय, मग तो दिवा लावतो आणि गाडी एकाच गिअरमध्ये अडकवून ठेवतो. ते निस्तरायला पुन्हा वेगळा खर्च. आणि कुठलाही मोठा बदल विमा कंपनीला न कळवता केलास तर अपघातानंतर वाद तुझ्या बाबांना घालावा लागेल, कारण गाडी त्यांच्या नावावर.

तेव्हा क्रम असा: टायर, तेल, कूलर आणि रीडर. गॅरेजवाल्यानं सांगितलेल्या रकमेत हे सगळं बसून आजीसाठी मधल्या एका रात्रीचं चांगलं हॉटेल निघेल. हजार किलोमीटर एका दमात त्यांना बसवू नका.

चोर्ल्याबद्दल. बेळगावहून जांबोटी, कणकुंबीपर्यंत रस्ता वरखाली पण सोपा. खरा उतार चोर्ला सोडल्यावर, केरीपर्यंत. तिथं डी मध्ये सोडून ब्रेकवर उतरू नकोस, गिअर हातानं दुसऱ्यात किंवा तिसऱ्यात धर. न्यूट्रलवर तर अजिबात नाही, डिझेल वाचवायला कुणी सांगितलं तरीही. परतताना चढावर गिअरबॉक्स तिसरा-चौथा-तिसरा असा घोळ घालायला लागला तर तोही हातानं तिसऱ्यात धरून ठेव. पुढं ट्रक अडकला तर गाडी ब्रेकवर धर, ते सहा गिझर आठव. आणि देव करो तशी वेळ न येवो, पण गाडी ओढून न्यावी लागलीच तर सपाट ट्रकवर चढवूनच. मागची चाकं रस्त्यावर फिरवत नेलीस तर पंप बंद असताना आतले भाग कोरडे घासतील.

आता हैदराबादच्या ताई. तुमच्या छोट्या ऑटोमॅटिकमध्ये टॉर्क कन्व्हर्टर कितीचा आहे असं विचारलंत. तुमची एएमटी आहे, तिच्यात तो नाहीच. साधाच मॅन्युअल गिअरबॉक्स आणि साधाच क्लच, फक्त तुमच्या डाव्या पायाचं आणि हाताचं काम एक यंत्र करतं. आपल्याकडे २०१४ मध्ये सेलेरिओनं ही पद्धत आणली. स्वस्त आहे, अॅव्हरेज देते, थोडी डुलत गिअर बदलते. तेल घुसळणारं मधे काही नसल्यानं चढावर अॅक्सिलरेटरवर गाडी तोलून धरली की थेट क्लच प्लेट जळते. फ्लायओव्हरच्या चढावर गर्दीत उभं राहायचं असेल तर पूर्ण ब्रेक दाबा, पुढची गाडी दोन-तीन गाड्यांइतकी पुढं गेली की मगच निघा. मागचा हॉर्न वाजवेल, वाजवू द्या. जळका वास आलाच असेल तर सर्व्हिस सेंटरला क्लचची झीज कॉम्प्युटरवर बघायला सांगा, आणि काय आकडा येतो तो मला कळवा.